प्रशिक्षण योजनेमुळे नोकऱ्या वाढल्या का, हे कसं तपासायचं?

प्रश्न (ऐरोली): मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा (तरुणांना कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण आणि त्या काळात सरकारकडून विद्यावेतन) ठाणे जिल्ह्यापुरता आढावा लिहायचा आहे. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन. ‘इतके रुजू झाले’ हा आकडा पुरेसा आहे का? की पीएफची आकडेवारी जोडू?

उत्तर (नौपाडा): पुरेसा नाही. रुजू होणं ही सुरुवात झाली. विद्यावेतन थांबल्यावर सहा महिन्यांनी कोण कामावर आहे, ते विचारा. आणि तुलनेला दुसरा गट हवाच, नाहीतर ज्यांना तशीही नोकरी लागली असती त्यांचं श्रेय योजनेला जातं. वयोमर्यादा ३५ आहे, तिचाच उपयोग करा: ३४-३५ वर्षांचे एका बाजूला, ३६-३७ चे दुसऱ्या बाजूला, शिक्षण आणि तालुका तोच. मर्यादेपाशी फरक एकदम दिसला तर तो योजनेचा. मात्र हा निष्कर्ष बावीस वर्षांच्या मुलांना लावू नका.

उत्तर (तुर्भे): पीएफ जपून वापरा. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात १९ कामगार आहेत. विसावा आला की पीएफचा कायदा लागू होतो आणि जुने १९ही नवे सभासद दिसतात. काम एकच वाढलं! एमआयडीसीत कंत्राटदार बदलला की लेथवरचा तोच माणूस नव्या सभासद क्रमांकाने येतो. म्हणून मोजणी यूएएनवरच (नोकरी बदलली तरी न बदलणारा कामगाराचा पीएफ क्रमांक) करा.

उत्तर (कळवा): कामाचे तास आणि मजुरीही विचारा. श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषात आठवड्यात एक तास काम केलेलाही रोजगारात धरतात.