शिकाऊ ग्रंथपालाने वेबपानं करायला शिकावं का? (चर्चा)

पानखूण (धागाकर्ती)

परवा इथे एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी लिहिलं की शाळेत प्रशिक्षणाला येणारे शिकाऊ ब्लॉग, विकी आणि वेबपानं करण्यात महिने घालवतात, त्यांना कपाट ओळखीचं होत नाही. संगणक शिकवणारे पुष्कळ मिळतील, मुलाच्या हातात नेमकं पुस्तक देणारा मिळणार नाही. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी दोनदा उत्तर लिहून खोडलं, आता मात्र राहवत नाही.

मी सध्या एका शाळेत प्रशिक्षणाला आहे. पहिल्याच आठवड्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला लांडग्यांवरचं पुस्तक हवं होतं. कुत्र्यांची पुस्तकं त्याने आधीच धुंडाळली होती, तिथे लांडगा सापडला नाही. सापडणार कसा? ड्युईच्या वर्गीकरणात, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, कुत्रा ६३६.७ ला, पाळीव प्राण्यांत, आणि लांडगा ५९९.७७ ला, सस्तन प्राण्यांत. मध्ये दोन कपाटं. १८७६ सालच्या त्या मांडणीला तिचं स्वतःचं तर्कशास्त्र आहे, पण मुलाच्या डोक्यात लांडगा आणि कुत्रा शेजारीशेजारी राहतात. परीकथांचंही तेच. मुलं त्या कथा-कादंबऱ्यांत शोधतात आणि त्या बसल्यात ३९८.२ ला, समाजशास्त्रांच्या रांगेत.

मी शाळेच्या साइटवर एक पान केलं: ‘लांडगे आणि त्यांचे भाऊबंद’. दोन्ही कपाटांतली अकरा पुस्तकं एकाखाली एक, प्रत्येकाखाली दोन ओळी आणि कपाटाचा क्रमांक. त्या दोन ओळी लिहायच्या म्हणून मला ती अकराही पुस्तकं वाचावी लागली. कपाट मला त्या पानामुळेच ओळखीचं झालं.

चुकाही केल्या. मुखपृष्ठांची चित्रं मला दिसायची, बाकी कुणालाच दिसेनात. मी पानात चित्राचा जो पत्ता दिला होता, तो माझ्याच संगणकातल्या फोल्डरचा होता. एक अख्खी दुपार त्यात गेली. पण फाइल कुठे राहते आणि वाचणाऱ्यापर्यंत कशी पोचते, हे त्या दुपारी कळलं ते कायमचं. याला वेळ घालवणं म्हणतात का?

---

जुनं_कपाट

मूळ लेख माझाच. लांडग्याचं पान चांगलं केलंस बाळ, तेवढं मान्य. पण तुझ्यासारखी एक असते आणि बाकीचे काय करतात ते मी एकतीस वर्षं बघतोय.

मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका शिकाऊने दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वही, एक्सेलमध्ये उतरवली. मेहनत केली, नाकारत नाही. मग लेखकांची नावं अकारविल्हे हवीत म्हणून त्याने फक्त लेखकांचा स्तंभ निवडून क्रम लावला. पुढे काय झालं ते जाणकारांना सांगायला नको: नावं हलली, पुस्तकं जागच्या जागी राहिली. चार हजार पुस्तकांचे लेखक क्षणात बदलले, त्याने फाइल जतन केली आणि घरी गेला. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा आम्हाला तारलं ते माझ्या हस्ताक्षरातल्या नोंदवहीने. सुट्टीत आम्ही तिघं बसून ओळ न् ओळ ताडून पाहत होतो. वहीतला लेखक आपोआप दुसऱ्या पुस्तकाशेजारी जाऊन बसत नाही.

---

शून्यगायब

शाळा-ग्रंथालयांची संगणकीय कामं करतो म्हणून बोलतो. सर, तुमची हकीकत शंभर टक्के खरी असणार. पण तो दोष प्रत काढून न ठेवण्याचा, आणि एक्सेलला ग्रंथालय-प्रणाली समजण्याचा. माझं टोपणनाव काय आहे ते बघा! पुस्तकाचा वर्गांक ००५.१३ टाकला की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि सुरुवातीची शून्यं खातं, उरतं ५.१३. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला १३ आकडी ओळख-क्रमांक टाका, समोर ९.७८ई+१२ दिसतं. स्तंभ आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवला की हे होत नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

कोहा ही खरी ग्रंथालय-प्रणाली. ते २००० सालापासून वापरात आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलं, मुक्त आहे, फुकट आहे. त्यात आयएसबीएन टाकून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून घेता येते. मग चार हजार नोंदी हाताने का कराव्यात? आणि वहीचं म्हणाल तर मी एका शाळेत छत गळून भिजलेली दाखल नोंदवही पाहिली आहे. शाई पसरून दोन वर्षांच्या नोंदी निळा डाग झाल्या होत्या. तिची दुसरी प्रत नव्हती, कारण वहीची दुसरी प्रत कुणीच करत नाही.

---

जुनं_कपाट

भिजलेली वही हे तुमचं एक उदाहरण. उघडत नसलेल्या फाइली मी दहा दाखवतो. फ्लॉपीवर केलेली आमची पहिली यादी आज वाचायची कशावर, सांगा. वहीला पासवर्ड नाही, वीज लागत नाही, आणि ज्याने लिहिलं त्याचं अक्षर ओळखता येतं. खोडलं तर खोडलेलं दिसतं. तुमच्या प्रणालीत कुणी काय बदललं ते मला कोण दाखवणार?

---

शून्यगायब

प्रणालीच दाखवते, तारीख-वेळेसकट. बदलांची नोंद ठेवायची ती सोय सुरू ठेवलेली हवी. तुम्ही एकदाही न वापरता बोलताय, हे मला खटकतं.

---

जुनं_कपाट

आणि तुम्ही एकदाही देवघेवीच्या टेबलावर मधल्या सुट्टीत न बसता बोलताय, ते मला खटकतं.

---

छपाईयंत्र

दोघंही थांबा. माझं दुखणं वेगळं आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही. शाळेत ग्रंथपालाला संगणक येतो हे एकदा कळलं की तो ग्रंथपाल राहत नाही. मी वेबपानं शिकले हौसेने. सहा महिन्यांत माझ्याकडे निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाची चित्रफीत आणि अडकलेल्या प्रिंटरचे कागद ओढून काढणं आलं. ग्रंथालयाच्या दारावर ‘थोड्या वेळाने या’ ही पाटी मी स्वतःच्या हाताने लावलेली आहे. त्या पाटीसमोरून परत गेलेली मुलं मला अजून आठवतात. पानखूण, शीक, जरूर शीक. पण पहिल्या दिवशी ठणकावून सांग की हे ग्रंथालयासाठी आहे.

---

तेवीस_गोष्टी

शिकाऊंना शिकवणं हेच माझं काम आहे. २००६ साली अमेरिकेत शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या कामांचा अभ्यासक्रम केला: ब्लॉग उघडा, फोटो चढवा, आरएसएस फीड (एखाद्या साइटवरचं नवं लिखाण आपोआप आपल्याकडे आणणारी सोय) घ्या, विकीत एक ओळ घाला. ज्याने-त्याने आपल्या गतीने, खेळत शिकायचं. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी तो उचलला. मीही तसाच शिकवत होतो, आणि माझी चूक अशी झाली की मी बटणं शिकवली. अशी फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा माझे जुने विद्यार्थी विचारू लागले, आता फीड कसं वाचायचं? फीड तर कुठेच गेलं नव्हतं! आपल्या फीडची यादी काढून फीड वाचायच्या दुसऱ्या साधनात नेता येत होती. मी त्यांना फीड म्हणजे काय ते समजावलंच नव्हतं.

म्हणून जुनं_कपाट यांच्याशी अर्धा सहमत. महिने वाया जातात ते खरं. पण वाया घालवतो शिकवणारा. पानखुणेने ती दुपार चित्राच्या पत्त्यामागे घालवली, तसं माझ्या वर्गात झालं असतं तर मी पुढे होऊन दुरुस्त करून दिलं असतं. आणि तिला काहीच कळलं नसतं.

---

एक_आई

मी ग्रंथपाल नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण वर कुणीच मुलांबद्दल बोललं नाही.

माझ्या मुलीच्या शाळेत एका शिकाऊने ‘पुस्तक परत न केलेले विद्यार्थी’ अशी यादी वेबपानावर टाकली. नाव, वर्ग, पुस्तकाचं नाव. कुणीही उघडावं. आम्ही दोघं तेव्हा विभक्त होत होतो आणि माझ्या मुलीने आई-वडील वेगळे होण्यावरचं एक पुस्तक नेलं होतं. तिने ते आम्हालाही दाखवलं नव्हतं, उशीखाली ठेवलेलं असायचं. वर्गाला ते यादीतून कळलं. त्यानंतर तिने ग्रंथालयातून एकही पुस्तक आणलेलं नाही. यादी टाकणाऱ्या मुलीचा हेतू वाईट नव्हता, मी तिच्याशी बोलले, ती रडली. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

---

जुनं_कपाट

ताई, वाचून सुन्न झालो. म्हणूनच मी म्हणतो की ही साधनं नवशिक्यांच्या हाती

(पुढे लिहीत होतो आणि हात थांबला.) अशी यादी मी सूचनाफलकावर वर्षानुवर्षं लावलेली आहे. नाव, वर्ग, पुस्तक, लाल शाईने. आणि त्याआधी पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड असायचं, त्यावर आधी कोणकोणी पुस्तक नेलं त्यांची नावं ओळीने असत. मुलं ती आवडीने वाचायची, मलाही त्यात गंमत वाटायची. एखाद्याने मुद्दाम पुस्तक नेलंच नसेल, तर मला कधीच कळलं नसतं. हे तंत्रज्ञानाच्या माथी मारता येणार नाही.

फलकासमोर वीस जण उभे राहतात, तुमच्या पानाला मर्यादा नाही, एवढा फरक मात्र राहतोच. तो मी सोडणार नाही.

---

शून्यगायब

तो फरक मलाही मान्य, आणि मोठा आहे. देवघेवीच्या नोंदी पुस्तक परत येताच नावापासून तोडण्याची सोय कोहात आहे. वहीत ती नाही. वहीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

---

जुनं_कपाट

माझंही नाही.

---

पानखूण

एक_आई, तुमचं वाचून मी आधी उठून आमचं पान तपासलं. लांडग्यांच्या पानाखाली मी ‘हे पुस्तक कुणाला आवडलं’ असा एक रकाना ठेवला होता, त्यात सात मुलांची पूर्ण नावं होती. मुलांनीच हौसेने लिहिली होती, मला तो रकाना फार आवडायचा. काढलाय. आता मुलं फक्त लांडग्याचं एक चित्र निवडतात, नाव नाही.

सर, ‘बाळ’ मला आवडलं नाही, ते आत्ता सांगून टाकते. पण तुमच्या मुलांना तुम्ही पुस्तक कसं निवडून देता, ते मला टेबलाशेजारी बसून बघायचंय. येऊ का?

---

जुनं_कपाट

‘बाळ’ मागे घेतलं. सोमवारी मधल्या सुट्टीआधी या. ते शून्यांचं काय ते येताना समजून घेऊन या, मला दाखवा. आमच्या फाइलीतलं ००५ अजून पाचच आहे.