ट्रीटमेंट संपली, पुढे? ब्रेस्ट कॅन्सरनंतरचे अनुभव लिहा

उमा_सोलापूर: काल गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, बांगड्या भरायला बसले. मावशींनी डावा हात ओढला. म्हटलं यात नको, काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजतो. त्यांनी मनगट नीट चाचपलं, २-४ मापाच्या बाजूला ठेवून मोठ्या २-८ काढल्या. "सैल राहू देत, पण सणाला हात मोकळा नको."

त्यावरून रेडिएशननंतरची पहिली संक्रांत आठवली. सगळे म्हणायचे, सुटलीस बघ. आणि मला रडू आवरायचं नाही. केमोत रडले नव्हते. तेव्हा पुढची तारीख ठरलेली असायची, काय करायचं ते डॉक्टर सांगायचे. नंतर कुणी काही सांगेना. तुमचं कसं झालं? लिहा गं.

जुनीपेठ: अगदी. केस आले की लोकांच्या लेखी आजार संपला.

वैशाली के: टॅमॉक्सिफेन चालू आहे, हार्मोन रोखायची गोळी, पाच वर्षं घ्यायचीय. अंगातून नुसत्या वाफा. त्यात आपल्याकडचा मे, ४२-४३ डिग्री! रात्री टॉवेल ओला करून मानेवर ठेवते. जावेला तसलीच दुसरी गोळी, लेट्रोझोल आहे, तिचे सकाळी गुडघे धरतात. तिला डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत का बघायची डेक्सा तपासणी करायला लावली, कॅल्शियम सुरू केलं. कुकर झाला, नंतर येते.

श्री_७१: आई विड्या वळते. ऑपरेशननंतर लगेच सूप मांडीवर घेऊन बसली, संध्याकाळी हात जड. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं. आई रोज पेन्सिलीनं खूण करते, कालच्यापेक्षा वर गेली की मला हाक मारते. आता मधेमधे उठून हात वर धरते, मग परत वळायला बसते. काम सोड म्हटलं की चिडते.

वैशाली के: चिडू दे रे. काम हातात आहे म्हणून डोकं ठिकाणावर राहतं. आणि बीपी ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर घेऊ देऊ नका, सुईसुद्धा नको. दरवेळी आपणच आठवण करायची.

रेखाताई: काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाऊजमध्ये घालायचं सिलिकॉनचं पॅड महाग वाटलं. नुसता कापूस भरला तर ब्लाऊजमध्ये वर सरकतो. मी सुती पिशवीत कापसाबरोबर मोहरी घालून शिवलं, वजनानं जागेवर राहतं. कुणाला माप पाहिजे असेल तर सांगा.

जुनीपेठ: रेखाताई मला पाहिजे. ३४.

दत्ता_होटगी: पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? बायको दार लावून कपडे बदलते. मी काही बोललो तर तिला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतो.

उमा_सोलापूर: लिहा की दादा. पण गप्प नका बसू. आमचे हे गप्प बसायचे, मला वाटायचं किळस येत असेल. एकदा त्यांनी स्वतःहून व्रणाला तेल लावून दिलं, तेव्हा कुठं दोघंही बोललो.

दत्ता_होटगी: बरं ताई. आज बोलतो.

शीतल: पुढच्या आठवड्यात मॅमोग्राफी. दरवर्षी त्या आठवड्यात जेवण जात नाही. गड्डा कधीपर्यंत आहे गं? पोरं पाळण्यासाठी मागं लागलीत.

उमा_सोलापूर: अजून आहे. दुपारी जा, रात्री पाय ठेवायला जागा नसते. मॅमोग्राफीला कोण येतंय सोबत?

शीतल: कुणी नाही, यांना सुट्टी नाही.

रेखाताई: मी सात रस्त्याला राहते. वेळ कळव, येते.

श्री_७१: हाताला सूज येऊ नये म्हणून घालायची ती घट्ट बाही मशीनला टाकली तर चालते का?

वैशाली के: हातानं धू, साध्या साबणानं. पिळू नको, टॉवेलात दाबून सावलीत वाळव. सैल पडली की बदल.