मदत हवी आहे: शाळा लेखनिक द्यायला तयार नाही

सोलापूरची_आई:
सोमवारपासून परीक्षा आहे. मुलाला लेखनिक (तो सांगेल ते पेपरात लिहिणारा) आणि वाढीव वेळ द्यायला शाळा नाही म्हणते. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे. कायद्यात नेमकं काय लिहिलंय? उद्या सकाळी मुख्याध्यापकांना दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

जुळे_सोलापूर:
ताई, त्रास कसला आहे? डोळ्यांचा, हाताचा? कितवीला आहे? बोर्ड कुठलं?

पेठेतला:
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय का? पुतण्याचं काढलं आम्ही, एसटीत सवलत मिळू लालीय. आधी ते करून टाका.

सोलापूरची_आई:
दादा, एसटीचं नाही विचारलं मी.

निवृत्त_मास्तर:
तीस वर्षं मराठी शिकवलं. दुरेघी वहीत रोज एक पान शुद्धलेखन घ्या, अक्षर सुधारतंच. लेखनिकाची सवय लागली की मूल स्वतः लिहायचं सोडतं.

सोलापूरची_आई:
सर, तिसरीपासून वह्याच भरल्यात. बोटं दुखून रडायचा. तोंडी विचारा, इतिहासाचा अख्खा धडा सांगेल. पेपरात तीन ओळी लिहून बसून राहतो. आळशी म्हणून त्याला वर्गात उभं केलंय, ते मी विसरणार नाही.
डिस्ग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहायलाच अडचण, अध्ययन अक्षमतेत येतो. नववी, स्टेट बोर्ड, अनुदानित शाळा. ते म्हणतात सवलत फक्त दहावीला, नववीचे पेपर आमचे आम्ही काढतो.

होटगी_रोड_वकील:
हे आधीच सांगायला हवं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. त्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असते. कलम 17 मध्ये वाढीव वेळ आणि लेखनिक हे शब्दच आहेत. फक्त बोर्डाच्या परीक्षेला, असं कुठेही म्हटलेलं नाही.

पार्क_चौक:
40 टक्के दिव्यांगत्व नसेल तर काही मिळत नाही. सर्टिफिकेटवर किती आहेत?

होटगी_रोड_वकील:
चूक. 40 टक्क्यांची अट उच्च शिक्षणातल्या आरक्षणासारख्या गोष्टींना आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, फेब्रुवारी 2021. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

पार्क_चौक:
कोर्टाचं ठीक आहे हो. शाळेच्या ऑफिसात टक्केच विचारतात. माझ्या मुलीच्या वेळी तेच झालं.

गड्ड्याची_वाट:
एवढं डोकं कशाला लावायचं, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करा.

जुळे_सोलापूर:
शाळेत बसायचा हक्क आहे त्याचा, बाहेरून का म्हणून?

अक्कलकोट_रोड_पालक:
ताई, आम्ही यातून गेलोय. तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतींत, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. मग जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकारी, त्यापुढे पुण्याला दिव्यांग आयुक्त. वेळेचं म्हणाल तर केंद्राच्या 2018 च्या सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जास्त दिली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास.
आणि एक, हे कुणी सांगत नाही. लेखनिकाबरोबर घरी दोन पेपर सोडवून घ्या. सांगून लिहून घेणं वेगळंच असतं. माझा मुलगा भरभर बोलायचा, लिहिणारा मागे पडायचा, मग दोघंही गप्प. परिच्छेद कुठे, आकृतीत कोणती रेघ कुठे, हे सांगायची सवय लागते. पहिल्या पेपराला आमचे दहा-बारा मार्क त्यातच गेले.

सोलापूरची_आई:
अर्ज दिला, पोच मिळाली. कलम 17 चं पान जोडलं होतं, सरांनी दोनदा वाचलं. वेळ वाढवून देतो म्हणाले, लेखनिकाचं बघू म्हणाले. शेजारची आठवीतली मुलगी तयार आहे, अक्षरही छान आहे. पण तिचीही परीक्षा सोमवारपासूनच आहे. काय करू?

अक्कलकोट_रोड_पालक:
तिची शाळा सकाळची की दुपारची?