मदरबोर्डवर पैसे घालायचे की ग्राफिक्स कार्डावर? खान्देशातलं ऊन धरून बोला

गिरणाकाठ :
"बोर्ड कुठलाही घे, सगळा पैसा कार्डात घाल." आपल्याकडे नवीन कॉम्प्युटर जोडणाऱ्या प्रत्येक पोराला हाच सल्ला मिळतो. नुसतं गेमिंग करणाऱ्यासाठी तो बराचसा बरोबर आहे. पण दिवसा लग्नांचं आणि अहिराणी गाण्यांचं एडिटिंग आणि रात्री त्याच मशीनवर गेम, असं चालतं त्यांच्यासाठी तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

मुख्य कारण ऊन. प्रोसेसरला वीज पोचवणारा बोर्डवरचा भाग म्हणजे व्हीआरएम. गेममध्ये सगळे कोअर क्वचितच पूर्ण ताणले जातात. एक्सपोर्ट (कापलेल्या फुटेजची शेवटची फाइल बनवणं) लावलं की मात्र तासन्‌तास सगळे ताणलेले असतात. आणि आपली लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकलेला असतो तेव्हाच आपल्याकडे फुटेजचे ढीग येऊन पडतात. परीक्षणं करणारे लोक २०-२५ अंशांच्या खोलीत बोर्ड मोजतात. आपली पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली दुपारी ४० च्या पुढे असते. म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ १५-२० अंश मिळवायचे. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसलेला स्वस्तातला ए६२० किंवा एच६१० बोर्ड तिथे गरम होतो, प्रोसेसरचा वेग खाली ओढतो आणि ४० मिनिटांचं एक्सपोर्ट तासावर जातं.

दुसरं म्हणजे सॉकेट, बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीचं एएम४ पहिल्या रायझनपासून, म्हणजे २०१७ पासून चाललं आणि त्याच सॉकेटवर २०२२ मध्ये ५८००एक्स३डी प्रोसेसर आला. एएम५ २०२२ चं आहे, त्यावर रायझन ७००० नंतर ९००० मालिकाही आली आणि २०२७ पर्यंत व पुढेही साथ देऊ असं कंपनीने जाहीर केलंय. बोर्ड चांगला असेल तर चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येतो.

पंचवीस-तीस हजारांचा एक्स८७० बोर्ड घ्या असं मी म्हणत नाही. व्हीआरएमवर दोन्ही बाजूंनी जाडजूड हीटसिंक, एम.२ च्या (बोर्डवर थेट बसणाऱ्या एसएसडीच्या) किमान दोन जागा, रॅमच्या चार जागा आणि मागे भरपूर यूएसबी असलेला मधल्या भावाचा बी६५० किंवा बी८५० घ्या. त्याच्या खाली जाऊ नका, एवढंच.

साक्री_रोड :
भाऊ, बठ्ठा पैसा बोर्डमाच टाकशी त कार्ड कसावर लेशी?

आता नीट बोलतो. तुमचं सगळं गणित २३० वॅट ओढणारा मोठा प्रोसेसर मनात धरून मांडलेलं दिसतंय. तेवढी वीज ७९५०एक्स खातो. आपल्यापैकी किती जण तो घेतात? रायझन ७ ७७०० ची मर्यादा ८८ वॅट. बारा कोअरचा ७९०० सुद्धा ८८ वॅटच. एवढ्या भाराला दहा-बारा हजारांचा साधा बी६५०एम उन्हाळ्यातही दमत नाही. एखाद्याने मोठा प्रोसेसर घेतलाच तर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) कमी विजेचा इको मोड लावावा. वॅट निम्म्याच्या आसपास येतात आणि वेग त्या मानाने फार थोडा जातो.

चिपसेटने (बोर्डवरची जोडणी सांभाळणारी चिप, बी६५०, एक्स६७०ई ही तिचीच नावं) गेमचे फ्रेम वाढत नाहीत. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच कार्ड बी६५० वर लावा नाहीतर एक्स६७०ई वर, फरक नगण्य. मग बोर्डवरचे जास्तीचे आठ-दहा हजार म्हणजे ८ जीबीऐवजी १६ जीबीचं कार्ड. ते गेमलाही कामाला येतं आणि टाइमलाइनवर इफेक्ट लावतानाही.

आणि चार वर्षांनी प्रोसेसर बदलू म्हणणारे बहुतेक जण चार वर्षांनी सगळं मशीनच विकतात. धुळ्यात मी तरी हेच बघतोय.

भुसावळ_जंक्शन :
दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतो. दोघंही बोर्ड आणि कार्डाबद्दल भांडताय. पण माझ्याकडे मेलेले बोर्ड येतात ते बहुधा व्हीआरएमच्या उष्णतेने मेलेले नसतात. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की लॅन पोर्ट जळालेले बोर्ड येतात. इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून झटका थेट बोर्डात शिरतो. दुसरा नंबर अर्थिंग नसलेल्या घरांचा. मीटरपाशी अर्थिंगची वायर लोंबकळतेय आणि टेबलावर लाखाचं मशीन, हे मी कितीदा पाहिलंय. आधी अर्थिंग, मग चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस, मग बोर्ड. वादळ दिसलं की लॅनची वायर काढून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

धुळीबद्दल कोणी बोललं नाही. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये रुईचा थर बसतो, हीटसिंकच्या फटी बुजतात. मग हीटसिंक कितीही जाड असून काय उपयोग? आणि खोली गार करणारा पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका. ती दमट हवा आणि धूळ मिळून बोर्डवर लेप बसतो.

गिरणाकाठ भाऊंच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगतो. लिक्विड कूलर लावणाऱ्यांनी बोर्ड चांगलाच घ्यावा. मोठा एअर कूलर असला की त्याच्या पंख्याचा वारा व्हीआरएमवरही जातो. लिक्विडमध्ये सॉकेटच्या आजूबाजूला वाराच फिरत नाही.

सातपुडा_फ्रेम :
मी शहाद्याकडून लिहितेय. माझं काम जवळजवळ सगळं एडिटिंगचंच. बोर्ड निवडायच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो अजून कोणीच विचारला नाही : कॅमेरा कुठला?

सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांवर आपली लग्नं आता एच.२६५, १०-बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती धरून ठेवणाऱ्या पण दाबून बांधलेल्या फाइलींत शूट होतात. रंग सुधारायला हे फुटेज फार छान, पण टाइमलाइनवर ते हलत नाही. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांनाही येत नाही, ते २०२५ च्या ५० मालिकेपासून यायला लागलं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधला व्हिडिओ उलगडणारा भाग, क्विक सिंक, मात्र अकराव्या पिढीपासून हे करतंय. म्हणून माझ्यासाठी निर्णय सोपा होता : इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचा बी७६० बोर्ड आणि आतलं ग्राफिक्स असलेला आय५. प्लेबॅक अडखळत नाही. प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवायला रात्रभर मशीन चालू ठेवावं लागत नाही.

स्वस्त पडतो म्हणून दुकानदार एफ अक्षराचा प्रोसेसर हातात देतात. त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. एडिटिंग करणाऱ्याने तो अजिबात घेऊ नये.

गिरणाकाठ :
ताई, ४:२:२ चा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एलजीए१७०० वर बारावी, तेरावी, चौदावी पिढी झाली आणि २०२४ मध्ये पुढच्या प्रोसेसरांसाठी इंटेलने एलजीए१८५१ आणलं. आज तो बोर्ड घेणाऱ्याला पुढे जायला वाटच नाही. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे जी इजा होत होती ती २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केली. मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एकदा झालेली इजा त्या मायक्रोकोडने भरून निघत नाही. जुन्या बाजारातून तसला आय९ आणि जुन्या बायोसचा बोर्ड उचलणाऱ्याने काय करायचं?

त्यापेक्षा एएम५ बोर्ड आणि ५० मालिकेचं कार्ड घेतलं तर ४:२:२ पण सुटतं आणि गेम पण.

सातपुडा_फ्रेम :
दादा, तुमच्या वाटेत कार्ड नवंच घ्यावं लागतं. माझ्या वाटेत जुनं कार्ड चालतं. पुढे जायला वाट नाही म्हणता, पण गिऱ्हाईक माझा सॉकेट विचारत नाही, सोमवारी पेनड्राइव्ह मिळेल का ते विचारतं. आणि मी सांगितला तो आय५, आय९ नाही. बायोस मी दुकानातच अद्ययावत करून घेते, मग पैसे देते.

प्रॉक्सी हा उपाय नाही असं मी म्हणत नाही. सवड असलेल्याने जरूर करावं. एका आठवड्यात तीन लग्नं हातात असली की सवड कुठली?

तापीथडी :
रॅमबद्दल बोला की. चार जागा पाहिजेत असं वर लिहिलंय, पण डीडीआर५ मध्ये चारही जागा भरल्या की वेग पडतो. रायझन ७००० साठी एएमडीचाच अधिकृत आकडा दोन काड्यांना ५२००, आणि चार काड्यांना ३६००. म्हणजे "आत्ता १६ च्या दोन घेऊ, पुढच्या दिवाळीला अजून दोन टाकू" हा बेत डीडीआर४ मध्ये जमायचा, इथे जमेलच असं नाही. ६४ जीबी लागणार असेल तर ३२ च्या दोनच घ्या. मग चार जागांच्या बोर्डला जास्त पैसे का द्यायचे? इथे मी साक्री_रोड यांच्याकडून.

मात्र २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की एकदम ६४ घे म्हणणंही सोपं राहिलेलं नाही. ज्याच्याकडे चांगली डीडीआर४ पडून आहे त्याने घाईने एएम५ वर उडी मारू नये असं मला वाटतं.

गिरणाकाठ :
रॅमच्या चार जागांचा आग्रह मग सोडतो, अधिकृत आकड्यापुढे वाद नाही. एम.२ चा मात्र धरून ठेवतो. रायझनच्या प्रोसेसरमधून थेट १६ लेन (डेटा जायच्या वाटा) कार्डाला आणि बहुतेक बोर्डांवर एक-दोन एम.२ ला मिळतात. बाकी सगळं, म्हणजे उरलेले एम.२, साटा (वायरीने जोडायच्या डिस्क), लॅन आणि बऱ्याचशा यूएसबी, चिपसेटच्या एकाच पीसीआय ४.० एक्स४, म्हणजे चार लेनच्या, वाटेने जातं. फुटेज एका एसएसडीवर, कॅश (एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली) दुसरीवर आणि एक्सपोर्ट तिसरीवर ठेवणाऱ्याने कुठली जागा कुठून येते ते मॅन्युअलमध्ये बघूनच बोर्ड घ्यावा. काही बोर्डांवर तिसरी एम.२ भरली की साटाचे पोर्ट बंद होतात. एक्स८७० वर वेगवान यूएसबी४ पोर्ट सक्तीचं आहे आणि अनेक बोर्डांत दुसरी एम.२ त्याच लेन वाटून घेते. महाग बोर्ड घेऊन हे नंतर कळलं तर काय उपयोग?

भुसावळ_जंक्शन :
आणि घेताना जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या नाहीतर ऑनलाइन, डबा उघडताक्षणी सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो काढा. एएम५ आणि इंटेलचे एलजीए दोन्हींत पिना आता बोर्डवर असतात. एक वाकलेली निघाली की वॉरंटीवाले सरळ हात वर करतात. दोन-तीन हजार वाचतात म्हणून ऑनलाइन घेणं चूक नाही, पण बोर्ड परत पाठवायची वेळ आली की कुरिअर आणि आठवडे तुमचे. ओळखीचा दुकानदार निदान त्याच्या नावाने पाठवतो.

तापीथडी :
माझाच प्रश्न विचारतो. बी४५० बोर्ड, रायझन ५ ५६००, ३२ जीबी डीडीआर४. चोपड्यात छोटा स्टुडिओ आहे. एनव्हिडियाचं ५०६० कार्ड घेऊन ४:२:२ चं काम भागवू, की सगळंच बदलू?

गिरणाकाठ :
बदला. ५०६० कार्ड आठच लेनवर चालतं आणि बी४५० पीसीआय ३.० चा. म्हणजे आधीच अर्ध्या रुंदीचं कार्ड, त्यात रस्ता जुना. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की डेटा त्याच रस्त्याने जा-ये करणार आणि फ्रेम गचके खाणार.

साक्री_रोड :
बदलू नका. १६ जीबीचं ५०६० टीआय घ्या, मेमरी भरायचा प्रश्नच बराचसा संपतो. फुटेज उलगडण्याचं काम कार्डाच्या आत होतं, त्याला ३.० पुरेसं आहे. आधी कार्ड लावून एक लग्न कापून बघा. अडलंच तर बोर्ड बदला, कार्ड नव्या बोर्डवर जसंच्या तसं लागेल. आत्ता बोर्ड, प्रोसेसर आणि या भावात डीडीआर५ असं तिन्ही घेतलंत तर कार्डाला काही उरणार नाही, आणि ४:२:२ चं काम आहे तिथेच राहील.