१ कूलोम = २९९,७९,२४,५८० स्टॅटकूलोम : इथे बरोबरचं चिन्ह चालतं का?

लेडनची_बरणी

जुने शोधनिबंध वाचताना एककं कशी बदलायची, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "तक्त्यातला आकडा घ्या आणि गुणा." विद्युतप्रभाराच्या बाबतीत हे उत्तर मला धोक्याचं वाटतं. प्रभाराचं आजचं एकक कूलोम, तर जुन्या निबंधांत स्टॅटकूलोम भेटतो.

स्टॅटकूलोमची व्याख्या अगदी साधी आहे. निर्वातात एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन समान प्रभारांमध्ये एक डाइन (बलाचं जुनं, छोटं एकक) इतकं बल असेल, तर तो प्रत्येक प्रभार एक स्टॅटकूलोम. कूलोमच्या नियमात इथे स्थिरांक नाहीच, म्हणून प्रभाराची मिती वस्तुमान, लांबी आणि काळ यांतूनच तयार होते. एसआय या आजच्या आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीत मात्र विद्युतप्रवाह ही वेगळी मूलभूत राशी आहे. ज्यांच्या मितीच वेगळ्या, त्यांच्यात '=' कसं लिहायचं? 'शी जुळतो' असं म्हणावं.

तिसरं एकक ॲबकूलोम, ते प्रवाहांमधल्या चुंबकीय बलावरून आलं. १ ॲबकूलोम १० कूलोमशी जुळतो आणि २.९९८ × १०^१० स्टॅटकूलोमशी. हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटेल: सेंटिमीटर प्रतिसेकंदात प्रकाशाचा वेग! १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी लेडन बरणीतला (प्रभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला) प्रभार आधी स्थिरविद्युत पद्धतीने मोजला, मग तो गॅल्व्हानोमीटर या प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणातून सोडून चुंबकीय पद्धतीने. गुणोत्तर आलं सेकंदाला सुमारे ३,१०,७०० किलोमीटर. फिझोने १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३,१५,०००. प्रकाश विद्युतचुंबकीय असावा, हे मॅक्सवेलला सुचलं त्यात या जवळिकीचा मोठा वाटा होता. हा आकडा नुसता गुणक म्हणून पाठ करायला लावणं मला पटत नाही.

तक्तेवाला

असहमत. माझं काम विद्युत-रसायनातलं. १ अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम, १ फॅरेडे (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार) म्हणजे ९६,४८५ कूलोम. गुणलं, पुढे गेलो. मितीचा विचार करत बसलो तर दिवसाचं काम व्हायचं नाही. इंच आणि सेंटिमीटरमध्ये '=' चालतं, मग इथे का नको? उत्तर तर बरोबर येतं ना?

लेडनची_बरणी

तुमच्या दोन्ही उदाहरणांत '=' योग्यच आहे, कारण अँपिअर-तास, फॅरेडे आणि कूलोम एकाच कुळातले. इंचाचंही तेच.

स्टॅटकूलोमचं तसं नाही. प्रभारासाठी १ कूलोम २.९९८ × १०^९ स्टॅटकूलोमशी जुळतो. पण विद्युत स्थानांतराचा फ्लक्ससुद्धा (पृष्ठभागातून जाणाऱ्या विद्युतक्षेत्राशी निगडित राशी) एसआयमध्ये कूलोममध्येच मोजतात, आणि तिथे १ कूलोम ३.७६७ × १०^१० स्टॅटकूलोमशी जुळतो. मध्ये ४π आला. एकाच एककाला दोन गुणक! तिथे '=' खरं असतं तर हे शक्यच नव्हतं. एकक बदलताना समीकरणही बदलावं लागतं, माझा सगळा मुद्दा तेवढाच.

कोरी_पाटी

मला दोघांचंही पटत नाही. ही एककं नव्या विद्यार्थ्याला शिकवायचीच कशाला? एक पद्धत नीट शिकवा. तीन कूलोम आणि त्यांच्या मध्ये फिरणारे ४π, यात विद्यार्थी विद्युतशास्त्र विसरून गुणाकारात अडकतो. इतिहास ज्याला हवा तो वाचेल.

द्विध्रुव

@कोरी_पाटी, टाकून द्यायला ती गेलेली नाहीत हो. रेणूंचं द्विध्रुव आघूर्ण (प्रभार गुणिले धन-ऋण प्रभारांमधलं अंतर) रसायनशास्त्रात अजून डिबायमध्येच देतात, आणि १ डिबाय म्हणजे १०^-१८ स्टॅटकूलोम-सेंटिमीटर. एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन एक अँगस्ट्रॉम (१०^-८ सेंटिमीटर) अंतरावर ठेवले की ४.८ डिबाय. पाण्याच्या रेणूचं १.८५. आकडे कसे हाताशी येतात पाहा! तेच कूलोम-मीटरमध्ये लिहिलं की दहाचा उणे तिसावा घात सांभाळत बसावं लागतं.

तक्तेवाला

फ्लक्सचं उदाहरण माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. तरी विचारतो, वाचणाऱ्याला शेवटी हवा असतो आकडाच. मिलिकनने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनचा प्रभार ४.७७४ × १०^-१० स्थिरविद्युत एकक (म्हणजे स्टॅटकूलोमच) दिला. मी ३ × १०^९ ने भागतो, १.५९१ × १०^-१९ कूलोम. झालं की.

लेडनची_बरणी

२.९९७९ ने भागा, १.५९२ येईल. फरक ०.०७ टक्के. मिलिकनने सांगितलेली अनिश्चितता होती ±०.००९, म्हणजे सुमारे ०.१९ टक्के. त्याच्या एक तृतीयांशाहून मोठी चूक आपण नुसत्या भागाकारात केली. आजची किंमत १.६०२ आहे. मिलिकनचा आकडा कमी आला तो हवेच्या श्यानतेची (वाहण्याला होणाऱ्या आतल्या विरोधाची) किंमत चुकीची धरल्यामुळे. या फरकात आपल्या भागाकाराची चूक मिसळली, तर कारण शोधणाऱ्याने काय करायचं?

त्या काळच्या निबंधात कूलोमच दिसला तरी थांबून पाहा. १९४८ पूर्वीचा 'आंतरराष्ट्रीय' कूलोम द्रावणातून प्रवाह सोडून साचणाऱ्या चांदीवर ठरायचा, १.११८ मिलिग्रॅम चांदी म्हणजे एक. तो आजच्या कूलोमपेक्षा ०.०१५ टक्के लहान.

द्विध्रुव

भर घालतो. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम असा निश्चित केला आहे. त्यामुळे शीर्षकातला २९९,७९,२४,५८० हा आकडाही आता तंतोतंत राहिला नाही, तो प्रयोगावर अवलंबून आहे. फरक दहा अब्जांत एखाद्या भागाचा, पण '=' विरुद्ध हा आणखी एक मुद्दा.

तक्तेवाला

बरं. अँपिअर-तास आणि फॅरेडेच्या ओळींत '=' ठेवतो. स्टॅटकूलोमच्या ओळीत ते काढून 'शी जुळतो' लिहितो आणि शेजारी 'कोणत्या राशीसाठी' असा रकाना घालतो. ३ × १०^९ मात्र कंसात ठेवणार, तोंडी अंदाजाला तोच बरा पडतो.