चालत्या झॉइडला रंग द्यावा का?

वाशीच्या ताईंनी विचारलंय, मुलाच्या झॉइडला, म्हणजे त्या चालत्या यांत्रिक प्राण्याच्या खेळण्याला, रंग दिला तर तो चालायचा थांबेल का? नाही थांबणार, पण रंग कुठे लावायचा ते आधी ठरवा. टोमी कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या या यांत्रिक प्राण्यांचं खरं सौंदर्य आत आहे. चावीवर किंवा सेलवर चालणारी छोटीशी मोटर, आणि तिच्याच फिरण्यातून पाय, जबडा, शेपटी सगळं हलतं! म्हणून बाहेरचं चिलखत हौसेने रंगवा, दांडे, सांधे आणि गिअर मात्र कोरे राहू द्या. तिथे पातळसा थरही घासतो आणि चाल अडखळते. सांध्यांवरच्या रबरी टोप्या आधी काढून डबीत ठेवा, त्यांच्यावाचून भाग निखळतात.

मुलासाठी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या. इनॅमलचं थिनर फटींत मुरलं तर ताणाखालच्या प्लास्टिकला तडे जातात. लॅकरचा स्प्रे पावसाळ्यात नकोच, आपल्या ठाणे-वाशीच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. तो दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून मारा. आणि खेळून झालं की सेल काढा. गळले तर आतले पत्रे गंजतात.