मदत हवी आहे: घरून ऑनलाईन प्रोसेस पेंटिंग

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. कॅलिफोर्नियातल्या एका ऑनलाईन प्रोसेस पेंटिंगच्या क्लासला नाव घातलंय, म्हणजे चित्र चांगलंच यायला पाहिजे असं काही नाही, हात जाईल तसं रंगवायचं आणि कुणी कुणाच्या चित्रावर बोलायचं नाही (हे सासूबाईंना कोण सांगणार, मागनं येऊन "म्हैस काय गं ही?" म्हणतात). कागद भिंतीला लावून उभ्यानं रंगवायचं, पण आमची भिंत पावसात ओल धरते, टेप सुटून कागद खाली. प्लायवूड टेकवू काय? त्यात लागणाऱ्या टेम्पेरा रंगांऐवजी पोस्टर कलर चालतात? तिकडचे सकाळचे १० म्हणजे आपले रात्री १०:३०, नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की ११:३०, त्यात लाईट गेली की वायफाय बंद. बेळगावात मोठे कार्ट्रिज पेपर सुटे कुठं मिळतात तेवढं पण सांगा की.